झुरळमुक्त लॅपटॉप

आमच्या घरात एकही वस्तू उघडी नसते.

टीव्हीला खोळ आहे, मिक्सरला आहे, फ्रिजच्या हँडललासुद्धा आहे. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो आणि पिशवी सरकू नये म्हणून तिला वरून दोन रबरबँड. (चॅनेल बदलायला आमच्याकडे अंगठा पुरत नाही, खांदा लागतो!) हा सगळा वारसा सासरचा. सासरे गिरणीत होते. तिथून कापडाचे तुकडे स्वस्तात मिळायचे आणि सासूबाई लालबागच्या खोलीत बसून दिसेल त्या वस्तूला खोळ शिवायच्या. पुढे आम्ही मुलुंड पूर्वेला राहायला आलो, गिरणी बंद झाली, सासरेही गेले. शिलाई मशीन मात्र राहिलं आणि ते सासूबाईंनी रीतसर माझ्या ताब्यात दिलं. मी त्यांच्याही दोन पावलं पुढे गेले.

त्याला कारण घडलं. दोन वर्षांपूर्वी आमचा सेट-टॉप बॉक्स बंद पडला. दुरुस्तीवाला आला तो नेमका यांचे ऑफिसातले साहेब सपत्नीक चहाला आलेले असताना. त्याने बॉक्स उघडला आणि टीपॉयवरच्या पेपरवर उपडा करून झटकला. आतून झुरळांचं अख्खं खटलं बाहेर पडलं! पणजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे हजर. काही हयात नव्हते, पण जे हयात होते ते थेट साहेबांच्या बुटाकडे निघाले. साहेबांच्या मिसेसनी अर्धा खाल्लेला साबुदाणा वडा हळूच बशीत ठेवला. त्या दिवशी मी शपथ घेतली की यापुढे या घरात कुठल्याही वस्तूचं एकही भोक उघडं राहणार नाही.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा हेतू किती शुद्ध होता ते कळेल. बाकी काही शुद्ध नव्हतं.

आमची केतकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासात बरी, घरकामात शून्य आणि गेम खेळण्यात म्हणे एकदम झकास. ‘म्हणे’ अशासाठी की मला त्या पडद्यावर नुसती धावपळ आणि धूर दिसतो. तिच्या कॉलेजच्या पाच मुलींची टीम आंतरकॉलेज गेमिंग स्पर्धेत उतरली होती. पहिल्या फेऱ्या कॉलेजच्या लॅबमधून झाल्या. पुढच्या फेऱ्या मात्र प्रत्येकीने आपापल्या घरून, आपापल्या मशीनवर खेळायच्या होत्या. केतकीकडे होता तिच्या बाबांच्या ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप. तो सुरू केला की मध्ये पोळ्या लाटून व्हायच्या आणि तरी तो ‘कृपया थांबा’ म्हणायचा.

“आई, यावर तो गेम उघडतसुद्धा नाही,” केतकी म्हणाली. “नवीन लॅपटॉप नसेल तर माझ्या जागी सहावी मुलगी खेळणार. ती तयारच आहे.”

“मग खेळू दे की. तू तेवढ्या वेळात कपाट आवर.”

“आई, दोन वर्षं प्रॅक्टिस केलीये गं मी!”

तिचा आवाज कापला, तेव्हा मी हातातले वाल सोलायची थांबले. “पण तू त्यात करतेस काय? बंदुका मारतेस ना माणसांवर?”

“मी हीलर आहे. आमच्यातल्या कोणाला गोळी लागली की मी जाऊन तिला बरं करते. मी नसले तर चौघी मरतात.”

म्हणजे नर्सिंग! हे आधी सांगायला काय झालं होतं? चार पोरींचे प्राण माझ्या मुलीच्या हातात आहेत हे कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी पदर खोचला.

घाटकोपर पश्चिमेला भावेशभाईंचं दुकान आहे. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांचे कॉम्प्युटर तिथले. केतकीने एका कागदावर यादी करून आणली होती. ग्राफिक्स कार्ड वेगळं हवं, रॅम सोळा जीबी हवी, स्क्रीन भराभर हलणारी हवी, आणि याच्या खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, ‘थंड राहायला हवा’.

“ग्राफिक्स कार्ड वेगळं म्हणजे?” मी विचारलं.

भावेशभाई म्हणाले, “ताई, साध्या लॅपटॉपमध्ये चित्राचं काम मेन चिपच करते. यात चित्रासाठी वेगळी चिप, वेगळी मेमरी. कोणाकडे मागायला जायचं नाही.”

“म्हणजे स्वतंत्र संसार,” मी म्हणाले. भावेशभाईंना ही व्याख्या फार आवडली. पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी तीच सांगितली.

अडचण एवढीच होती की केतकीची यादी आणि आमचं बजेट यांची पत्रिका जुळत नव्हती. तिला काचेच्या कपाटातला एक काळाकभिन्न लॅपटॉप आवडला होता. त्याची किंमत ऐकून मी आधार म्हणून काउंटर धरला. मग मी माझी साडीच्या दुकानातली पद्धत सुरू केली. हा दाखवा, तो दाखवा, तो वरच्या फळीवरचा काढा, यात दुसरा रंग आहे का? तासाभरात काउंटरवर दहा लॅपटॉप पसरले होते. मी प्रत्येक उचलून वजन बघितलं, पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकला.

“आई, कलिंगड नाहीये ते,” केतकी दात आवळून म्हणाली.

“याच्या बटणांखाली दिवे कशाला? दिवाळी आहे का?”

“ताई, गेमिंगमध्ये स्टाइल असते ना!”

“बंद करता येतात का? लाइट बिल आम्हाला येतं, स्टाइलला नाही येत. आणि हे दोन असे एवढे भप्प भप्प आवाज का करतायत?”

“पंखे आहेत आतले. गेमिंग म्हटलं की गरमी होणार, पंखा फिरणार.”

शेवटी मला एक सापडला. मागच्या वर्षीचं मॉडेल, म्हणून किंमत उतरलेली. कार्ड वेगळं, रॅम सोळा, रंग राखाडी, त्यामुळे धूळ दिसणार नाही. केतकीने कागदाशी ताडून पाहिलं. सगळं बसत होतं, फक्त ‘थंड राहायला हवा’ याच्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं.

“भावेशभाई, हा तापतो का?”

“नीट वापरला तर नाही तापत. हवा मिळाली पाहिजे बस.”

“मला तो काळा जास्त सेफ वाटतोय, आई.”

“केतू, मी बावीस वर्षं संसार केलाय. वस्तू मला कळते. हाच घे. काही झालं तर माझं नाव बदल.”

(हे वाक्य मी सात-आठ गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते. पुढे उपयोगी पडणार आहे.)

लॅपटॉप घरी आला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, यांनी “छान आहे हं” म्हणून पेपर वर धरला. दुसऱ्या दिवशी केतकी कॉलेजला गेल्यावर मी तो पुसायला घेतला आणि सहज उलटा केला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खालच्या बाजूला भोकंच भोकं! अख्खी जाळी! झुरळांना दरवाजा कशाला, सोसायटीचं गेटच उघडं ठेवलं होतं कंपनीने. आत ऊब, अंधार, केतकी खेळताना खाते त्या वेफर्सचा चुरा. झुरळाला आणखी काय हवं असतं आयुष्यात?

मी लगेच कामाला लागले. साधं कापड लावलं तर ते कुरतडतील, शिवाय पाणी सांडलं तर झिरपेल. दाराच्या कोपऱ्यात खिळ्याला सासूबाईंची काळी छत्री टांगलेली होती. तिच्या दोन काड्या वाकल्या होत्या, म्हणजे माझ्या मते ती गेल्यातच जमा होती. छत्रीचं कापड! त्यातून ना पाणी जात, ना धूळ, ना झुरळ. मी ते उसवलं, मापाने कापलं, कडा दुमडून टीप मारली आणि लॅपटॉपच्या पोटाला गोंदाने असं सफाईदार चिकटवलं की कंपनीचा माणूस आला असता तरी फसला असता. सांगाडा परत त्याच्या खोळीत घालून खिळ्याला टांगला. (छत्रीला खोळ आहे. मी तुम्हाला पहिल्याच ओळीत सांगितलं होतं.)

हे तेवढ्यात पाणी प्यायला आले. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “अगं, पण मग हवा कुठून जाणार आत?”

“अहो, तो लॅपटॉप आहे. त्याला काय फुप्फुसं आहेत? जा तुम्ही.”

ते गेले. या माणसाने बावीस वर्षांत एकच मुद्द्याचा प्रश्न विचारला आणि मी तो झुरळासारखा झटकला.

आता तुम्ही म्हणाल, केतकीला दिसलं कसं नाही? त्याचं उत्तर सोपं आहे. केतकीने जन्मात कुठलीच वस्तू उलटी करून बघितलेली नाही. बघायची सवय असती तर तिच्या पलंगाखालचे हरवलेले सात मोजे केव्हाच मिळाले असते.

पहिल्या शनिवारी दुपारी प्रॅक्टिस मॅच होती. केतकी कानाला हेडफोन लावून बसली. वीस मिनिटं सुरळीत गेली आणि मग एकदम आतून पंख्याची किंकाळी, आणि फट्! स्क्रीन काळी.

“अरे यार! बंद पडला!” केतकी किंचाळली. “आई, चौघी मेल्या माझ्यामुळे!”

“मग केवढ्या जोरात बटणं बडवतेस! कोणीही बंद पडेल.”

लॅपटॉपला हादरे बसत असावेत या विचाराने मी त्याच्याखाली क्रोशाचा जाड रुमाल घातला. संध्याकाळी केतकीने तो खसकन ओढून काढला. “आई, प्लीज! याच्याखाली काहीही ठेवायचं नाही!”

“बरं बाई, नाही ठेवत,” मी म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. मी ठेवलं नव्हतंच, चिकटवलं होतं.

केतकी रोज काहीतरी अपडेट करत होती, सेटिंग बदलत होती, कुठल्या कुठल्या मुलांचे व्हिडिओ बघत होती. “टेंपरेचर वाढतंय याचं,” असं ती एकदा म्हणाली. एप्रिल महिना होता. मी काळजीने खिडकी लावून घेतली आणि ऊन लागू नये म्हणून जाडे पडदे सोडले. खोलीची छान भट्टी झाली.

मग सेमीफायनल आली. आम्ही सगळे मागे उभे. तिसऱ्या राउंडला केतकी धावत एका जखमी पोरीपाशी पोचली, औषध काढलं, आणि फट्! उरलेल्या चौघींनी कशीबशी मॅच जिंकली, पण हेडफोन बाजूला पडला होता त्यातून कॅप्टनचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

“केतकी, सॉरी यार. पण फायनलला हे परवडणार नाही. रविवारी चार वाजता फायनल. तोपर्यंत लॅपटॉप नीट झाला नाही तर मी दुसरीला घेते. तुझ्यावर राग नाहीये गं.”

केतकी ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने हेडफोनची वायर नीट गुंडाळली (तिने! नीट!) आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी म्हटलं होतं तुला, तो काळा घेऊ या. याचं कूलिंगच बोगस आहे. तू म्हणालीस, वस्तू मला कळते.”

सासूबाईंनी लॅपटॉपला हात लावून पाहिला. “गो सुलभा, ह्येका ताप इलो हा! हात लावन बघ, इस्त्री कशी झाली हा!”

मी हात लावला. खरंच चटका बसला, आणि तो फक्त बोटाला बसला नाही. पोरीने दोन वर्षं मेहनत केली, आणि मी माझ्या शहाणपणापायी तिच्या हातात टाकाऊ माल दिला, हे मला फार लागलं. पण मला वाईट वाटलं की मी रडत नाही, भांडते. आणि भांडायला एक माणूस होता.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घाटकोपरसाठी रिक्षा केली. वाटेत तालीम चालू होती. “लाज वाटत नाही? मुलीच्या आयुष्याशी खेळता?” रिक्षावाल्याने आरशातून घाबरून विचारलं, “मॅडम, मेरे को बोल रहे हो क्या?”

दुकानात रविवारची गर्दी होती. मला हवीच होती.

“भावेशभाई! काय माल दिलात हा? वीस मिनिटं चालत नाही! माझ्या मुलीची फायनल आहे चार वाजता! विश्वासाने आलो ना आम्ही? मी ग्राहक मंचात जाईन!”

सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. एका बाईने तर हातातला नवा लॅपटॉप परत काउंटरवर ठेवला. मला हुरूप आला आणि मी आणखी दोन वाक्यं जोडली. भावेशभाई शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी लॅपटॉप घेतला आणि उलटा केला.

त्यांनी एक बोट फिरवलं. मग चष्मा लावला आणि परत फिरवलं.

“ताई, हे काय आहे?”

खरं सांगते, त्या क्षणीही मला काही कळलं नाही. उलट कोणीतरी शिलाई बघतंय म्हणून मला बरंच वाटलं.

“ते मी लावलंय,” मी अभिमानाने म्हणाले. “झुरळं जाऊ नयेत म्हणून. छत्रीचं कापड आहे. दुहेरी टीप मारलीये. हवासुद्धा जाणार नाही आत!”

एका गिऱ्हाइकाने वाकून कापडाकडे बघितलं.

“हवासुद्धा जाणार नाही,” भावेशभाईंनी सावकाश म्हटलं.

मग त्यांनी कापडाचं एक टोक धरलं आणि चर्रर्र करून ओढलं. आतली भोकं उघडी पडली. ते म्हणाले, “ताई, हा इथून श्वास घेतो. तुम्ही त्याच्या नाकातोंडावर छत्री बांधली आणि मग त्याला धावायला लावलं.”

मला यांचा प्रश्न आठवला. क्रोशाचा रुमाल आठवला. पडदे आठवले. ज्या बाईने लॅपटॉप परत ठेवला होता तिने तो पुन्हा उचलला आणि म्हणाली, “भैया, ये पॅक कर दो. माल में कुछ खराबी नहीं है.” मागून कोणीतरी खुसखुसलं. मला वाटलं, इथेच फरशी उसवावी, आत शिरावं आणि वरून टीप मारून घ्यावी.

भावेशभाईंनी मात्र लॅपटॉपची जाळी साफ केली, एक जड गेम लावला आणि अर्धा तास चालवून दाखवला. पंखा गुणगुणत होता. फट् झालं नाही.

“बघा. लॅपटॉप तुम्ही एकदम बरोबर निवडला होता, ताई. या किमतीत याच्याहून चांगला नव्हता माझ्याकडे. तुमच्या मुलीचा तो काळा पण इतकाच चालला असता.”

“खरंच?” मी परत काउंटर धरला.

“खरंच. खाली एवढं कापड लावून वीस मिनिटं चालला म्हणजे विचार करा, किती दणकट!”

“किती द्यायचे?”

“काही नको. फक्त हे कापड मला ठेवू द्या.”

“कशाला?”

“आठवण,” ते म्हणाले. आणि मी त्यांना हात जोडून सांगितलं की माझ्या मुलीला यातलं अक्षरही कळता कामा नये.

घरी आले तेव्हा केतकी दारातच उभी होती. डोळे सुजलेले होते. तिला बघून मी सगळं कबूल करणार होते, देवाशप्पथ. पण तिने विचारलं, “काय म्हणाला तो?” आणि माझ्या तोंडून निघालं, “म्हणतो काय! असा झापला त्याला! मुकाट्याने दुरुस्त करून दिलान.”

केतकीने मला मिठी मारली. गेल्या चार वर्षांतली पहिली. ती मिठी इतकी घट्ट होती की खरं बोलायला आत हवाच उरली नाही.

चार वाजता फायनल सुरू झाली. मी खिडकी उघडली, पडदे बाजूला केले, पंखा पाचवर केला. सासूबाई कुठूनसं सूप घेऊन आल्या आणि लॅपटॉपला बाजूने वारा घालत बसल्या. तासभर पोरी लढल्या. कोण जिंकतंय ते मला कळत नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या गुणगुणण्याकडे होतं. शेवटच्या राउंडला केतकीने एकामागून एक तिघींना बरं केलं, चौथीकडे धावली, मी देवाचं नाव घेतलं. लॅपटॉप चालू राहिला. समोरच्या टीमनेच चौघींना सरळ सरळ मारलं.

“हरलो,” केतकी म्हणाली. मग खुर्ची गर्रकन फिरवली. तिच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. “हरलो! पण खेळून हरलो ना! मध्येच मेलो नाही! कॅप्टन म्हणाली, पुढच्या वर्षी मी फिक्स!” आणि हेडफोनमध्ये ती ओरडून सांगू लागली, “अगं, माझ्या आईने केलं सगळं! दुकानात जाऊन राडा केला! ग्राहक मंचाचं नाव काढलं आणि तो भावेशभाई टरकला!”

पलीकडून चार पोरींचा आवाज आला, “काकू, यू आर द बेस्ट!”

मी विनयाने मान खाली घातली. तेवढ्यात सासूबाई देवळात जायला निघाल्या. ऊन अजून उतरलं नव्हतं. त्यांनी खिळ्यावरची छत्री काढली, खोळ ओढली आणि खटका दाबला.

त्यांच्या डोक्यावर नुसत्या आठ काड्या उघडल्या.

“गो,” त्या वर बघत म्हणाल्या, “माझ्ये छत्रयेचा कापड खय गेला?”

मग केतकीने आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू उलटी केली. लॅपटॉपच्या पोटावर गोंदाची चौकट होती आणि कोपऱ्यात बोटभर काळं कापड अजून चिकटलेलं होतं, दुहेरी टिपेसकट. तिने ते कापड बघितलं, छत्री बघितली, मला बघितलं.

“आई?”

“झुरळं जातील म्हणून गं...” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

यांनी पेपर खाली ठेवला. उभे राहिले. चष्मा काढला. “मी तेव्हाच म्हणालो होतो,” ते म्हणाले. हे वाक्य उच्चारायची संधी त्यांना बावीस वर्षांनी मिळाली होती. त्यांनी ते तीनदा म्हटलं.

सासूबाई मात्र चिडल्या. “मियां खोळी शिवलंय त्ये बंद वस्तूंका! चलत्या वस्तूचा नाक-तोंड कोण बांधता गो?”

आणि केतकी? मी तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत करत नव्हते. एवढ्यात ती जमिनीवर बसली आणि पोट धरून अशी हसली, अशी हसली, की हेडफोनमधल्या चौघी “काय झालं, काय झालं?” करू लागल्या. तिने सांगितलं. मग त्या हसल्या. हसता हसता केतकीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती म्हणाली, “म्हणजे लॅपटॉप बरोबरच निवडला होतास तू! फक्त मारायला निघाली होतीस त्याला.” मी तिला पोटाशी धरलं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंना नवी छत्री आणली. हिचं कापड चांगलं जाड आहे आणि मूठ त्याहून जाड.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दिवाळीच्या आधी समोरच्या ब्लॉकमधल्या नलूताई म्हणाल्या, “सुलभा, आमच्या नातीला लॅपटॉप घ्यायचाय. तुला त्यातलं कळतं म्हणे. चल ना माझ्याबरोबर.” (टीमने मी राडा केल्याची बातमी पसरवली होती. खरी बातमी, मी पाया पडले म्हणून, केतकीने टीममधल्या टीममध्ये दाबून ठेवली होती.) सासूबाई म्हणाल्या, “मियां पण येतंय.” आम्ही तिघी रिक्षाने घाटकोपरला गेलो. सासूबाई दाराशी पिना-रुमाल विकणाऱ्याकडे रेंगाळल्या, मी आणि नलूताई आत शिरलो.

काउंटरच्या मागे नवी पाटी होती. ‘लॅपटॉपच्या खालची जाळी झाकू नये, छत्रीच्या कापडाने तर नाहीच.’ आणि पाटीच्या खाली काचेच्या फ्रेममध्ये, दुहेरी टिपेसकट, माझं कापड! ते चिकटवायच्या घाईत त्याची आतली बाजू मी नीट बघितलीच नव्हती. आता ती बाहेर होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात, छत्रीवर लिहितात तसं, ठळक नाव होतं. सत्यभामा, मुलुंड पूर्व.

नलूताई पाटी वाचून खदाखदा हसल्या. “अगं बाई! लॅपटॉपला छत्रीचं कापड? इतकी बावळट कोण असेल गं?”

“असतात एकेक बायका,” मी सगळ्यांच्या वर आवाज काढून हसले. भावेशभाईंना ठसका लागला.

मग नलूताईंनी चष्मा सारखा केला. “सत्यभामा, मुलुंड पूर्व... अगं, तुझ्या सासूबाईंचं नाव सत्यभामाच ना?”

माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक खरं बोलण्याचा. मी दुसरा घेतला. (काही झालं तर नाव बदलायचं, हे मी याच दुकानात कबूल केलं होतं.) जवळ सरकून, आवाज खाली आणून, मी डोळ्यांत काळजी आणली.

“काय सांगू, नलूताई,” मी म्हणाले, “वय झालंय हो त्यांचं.”

“कोणाचा वय झाला म्हणतंस गो सुलभा?”

दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात नवी छत्री होती, मिटलेली, पण मूठ पुढे करून धरलेली. दुकानाच्या कोपऱ्यात लॅपटॉपच्या रिकाम्या खोक्यांची थप्पी होती. तिच्या मागे मी ज्या वेगाने शिरले, तो वेग मी आजवर फक्त झुरळांमध्येच पाहिला होता.